नथ, पापणी, कुडी : एफ/१.४ लेन्सने फिल्मवर छायाचित्रे घेताना फोकस कुठे आणि कसा ठेवावा

नव्याने फिल्म कॅमेऱ्याकडे वळणाऱ्यांना ५० मिमीची एफ/१.४ लेन्स कधी ना कधी मिळतेच. कुणाला काकांच्या कपाटातल्या जुन्या कॅमेऱ्यावर बसलेली, कुणाला सेकंडहँड बाजारात. ती हाती आली की पहिला मोह एकच असतो, तो म्हणजे ॲपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाश आत घेणारे छिद्र, पूर्ण उघडायचे (एफचा आकडा जितका लहान तितके ते मोठे) आणि मागचे सगळे विरघळवून टाकायचे. मीही तेच केले होते. मावसबहिणीच्या साखरपुड्यात ३६ फ्रेमचा अख्खा रोल मी एफ/१.४ वर संपवला, आणि डेव्हलप होऊन आलेली निगेटिव्ह लूपखाली, म्हणजे छोट्या भिंगाखाली, धरली तेव्हा तिच्या कानातल्या कुडीचे मोती एकेक मोजता येत होते, पापण्या मात्र धुक्यात गेल्या होत्या. काही फ्रेममध्ये याच्या उलट नथ लख्ख होती आणि तिच्यामागे सगळा चेहरा मऊ पडला होता. पापणी शार्प असलेल्या फ्रेम मोजून सहा निघाल्या. लेन्स सदोष आहे अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली आणि ती दुरुस्तीवाल्याला दाखवलीही. त्याने ती निर्दोष असल्याचे सांगून परत केली, आणि तो बरोबर होता.

त्या रोलने एक उपयोगी गोष्ट मात्र शिकवली : माणसाचा चेहरा हीच एक मोजपट्टी आहे. नथ डोळ्याच्या साधारण दोन-तीन सेंटीमीटर पुढे असते आणि समोरून पाहिल्यास कान आठ-नऊ सेंटीमीटर मागे असतो. नथ शार्प आली तर फोकस पुढे पडला, कुडी शार्प आली तर मागे पडला, असे निगेटिव्ह आपल्याला स्वच्छ सांगते. फक्त ते सांगते रोल संपल्यावर. डिजिटल कॅमेऱ्यात फ्रेम मोठी करून लगेच तपासता येते. फिल्मवर ती सोय नसल्यामुळे सगळा हिशोब बटण दाबण्यापूर्वीच पुरा करावा लागतो. तो कसा करावा, हे पुढे क्रमाने दिले आहे. उदाहरणासाठी ३५ मिमी फिल्मचा एसएलआर (आरशाच्या साहाय्याने लेन्समधूनच दृश्य दाखवणारा) कॅमेरा आणि ५० मिमी एफ/१.४ ही जोडी धरली आहे.

पहिली पायरी : आकडे एकदा नजरेखालून घालणे

लेन्स ज्या अंतरावर फोकस केलेली असते, काटेकोरपणे पाहिले तर तेवढेच एक प्रतल खऱ्या अर्थाने शार्प असते. त्याच्या पुढचा आणि मागचा प्रत्येक बिंदू फिल्मवर लहानशा वर्तुळाच्या रूपात उमटतो, आणि ते वर्तुळ डोळ्याला बिंदूच वाटावे इतके लहान असते तोवर आपण त्या भागाला शार्प म्हणतो. पुढच्या मर्यादेपासून मागच्या मर्यादेपर्यंतच्या या पट्ट्याला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. छायाचित्रकारांच्या बोलण्यात तिची नुसती ‘डेप्थ’ होते. ३५ मिमी फिल्मसाठी त्या वर्तुळाचा व्यास प्रथेने ०.०३ मिमी धरला जातो, आणि हे प्रमाण साधारण ८ बाय १० इंचांची प्रिंट हातभर अंतरावरून पाहण्याच्या हिशोबाने ठरलेले आहे.

याच मापाने आपल्या लेन्सची डेप्थ एफ/१.४ वर किती येते ते पाहू. अर्ध्या मीटरवर ती सुमारे ८ मिलिमीटर असते, एका मीटरवर सुमारे ३.२ सेंटीमीटर, दोन मीटरवर १३ सेंटीमीटर, तीन मीटरवर ३० सेंटीमीटर आणि पाच मीटरवर ८० सेंटीमीटरच्या थोडी पुढे. अंतर दुप्पट झाले की डेप्थ जवळजवळ चौपट होते, हे या आकड्यांतून लगेच ध्यानात येईल. ॲपर्चरचे नाते त्याहून साधे आहे : एफचा आकडा दुप्पट केला की डेप्थही दुप्पट. म्हणून एका मीटरवर एफ/१.४ ला ३.२ सेंटीमीटर असलेली डेप्थ एफ/२.८ ला ६.४ सेंटीमीटर होते आणि एफ/८ वर १८ सेंटीमीटरपर्यंत जाते. लेन्स आणखी फास्ट, म्हणजे अधिक उघडणारी, एफ/१.२ ची असेल तर तोच पट्टा २.७ सेंटीमीटर उरतो आणि एफ/०.९५ वर जेमतेम दोन सेंटीमीटर.

हे आकडे पाठ करण्याची गरज नाही, पण एक मीटरवर तीन सेंटीमीटर एवढे मात्र डोक्यात पक्के असावे, कारण बाकीचे त्यावरून तोंडी काढता येते. शिवाय हा पट्टा फोकसच्या पुढे अर्धा आणि मागे अर्धा असतो, म्हणजे आपली चूक पुढे किंवा मागे दीड सेंटीमीटरच खपते. जवळच्या अंतरावर ‘एक तृतीयांश पुढे, दोन तृतीयांश मागे’ हा नेहमी ऐकू येणारा नियम लागू पडत नाही.

आणखी एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. ८५ मिमी लेन्सची डेप्थ ५० मिमीपेक्षा कमी असते हे एकाच जागी उभे राहिल्यास खरे आहे; परंतु चेहरा फ्रेममध्ये तेवढाच मोठा दिसावा म्हणून आपण ८५ मिमी घेऊन मागे, १.७ मीटरवर सरकलो, तर एफ/१.४ वर डेप्थ पुन्हा ३.२ सेंटीमीटरच येते. फरक पडतो तो पार्श्वभूमीत. लांब लेन्समध्ये मागचे दृश्य मोठे होऊन अधिक विरघळलेले दिसते. तेव्हा फोकसची जोखीम कमी व्हावी एवढ्यासाठी लेन्स बदलण्यात अर्थ नाही. आणि स्कॅन संगणकावर पूर्ण मोठा करून पाहणार असाल किंवा फ्रेम कापून वापरणार असाल, तर वरचे सगळे आकडे उदार आहेत असे समजून निम्मेच धरावेत.

दुसरी पायरी : कॅमेरा, स्क्रीन आणि स्वतःचा डोळा तपासणे

सर्वांत आधी डोळा. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारी प्रतिमा फोकसिंग स्क्रीनवर पडलेली असते आणि आपण ती आयपीसच्या भिंगातून पाहतो. चष्म्याचा नंबर असेल आणि चष्मा न लावता पाहत असाल, तर स्क्रीनच आपल्याला स्पष्ट दिसत नसते. मग तिच्यावरच्या प्रतिमेचा निवाडा कसा करणार? लेन्सचा फोकस पूर्ण बिघडवून कॅमेरा आभाळाकडे किंवा कोऱ्या भिंतीकडे धरावा आणि स्क्रीनच्या मध्यभागी असलेल्या वर्तुळाची कड आपल्याला धारदार दिसते का ते पाहावे. दिसत नसेल तर चष्मा लावावा, अथवा त्या कॅमेऱ्यासाठी आयपीसवर लावण्याचे नंबराचे भिंग मिळते का ते पाहावे. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, आणि बिघडलेल्या फोकसच्या कित्येक तक्रारी येथेच मिटतात.

त्यानंतर स्क्रीन. येथे एक फसगत लपलेली आहे. व्ह्यूफाइंडर उजळ दिसावा म्हणून बनवलेल्या स्क्रीन, विशेषतः ऑटोफोकस एसएलआरमधल्या, लेन्सच्या कडेकडून येणारा तिरका प्रकाश डोळ्यापर्यंत पुरता पोहोचवत नाहीत. त्यामुळे लेन्स एफ/१.४ असली तरी स्क्रीनवर दिसणारी डेप्थ एफ/२.८ च्या आसपासची असते. स्क्रीनवर नाकापासून कानापर्यंत सगळे शार्प वाटते आणि फिल्मवर नुसती पापणी उरते. तुमची स्क्रीन कशी आहे हे घरीच कळू शकते. कॅमेऱ्याला डेप्थ तपासण्याची कळ असेल तर ती दाबून ॲपर्चरची कडी १.४ वरून २ वर आणि मग २.८ वर न्यावी. प्रत्येक स्टॉपला, म्हणजे प्रकाश निम्मा करणाऱ्या अशा एकेका टप्प्याला, चित्र ठळकपणे काळवंडत गेले तर स्क्रीन प्रामाणिक आहे, २.८ पर्यंत काहीच फरक जाणवला नाही तर तिच्या मॅट, म्हणजे वर्तुळाबाहेरच्या दुधी, भागावर फोकससाठी विसंबून राहू नये. तेथे मधल्या वर्तुळातल्या दुभंगलेल्या प्रतिमेवर, म्हणजे स्प्लिट इमेजवर, भिस्त ठेवावी. अर्थात स्प्लिट इमेजची अचूकताही लेन्स फास्ट आहे म्हणून वाढत नाही, कारण ती लेन्सच्या ठरावीक भागातून येणाऱ्याच किरणांवर चालते; तिला समोर एखादी स्पष्ट रेघही लागते.

मग कॅमेऱ्याची चाचणी. जुन्या कॅमेऱ्यात आरसा किंवा स्क्रीन आपल्या जागेवरून जराशी सरकली असेल, तर स्क्रीनवरचा फोकस आणि फिल्मवरचा फोकस यांचा मेळ बसत नाही. याची पहिली तपासणी रोल न घालता करता येते. कॅमेरा ट्रायपॉडवर लावून मागचे झाकण उघडावे, शटर ‘बी’ वर (बटण दाबलेले असेपर्यंत ते उघडे राहते) ठेवून केबल रिलीजने उघडे अडकवावे, आणि फिल्म ज्या आतल्या दोन पट्ट्यांवर टेकते त्यांवर दुधी चिकटपट्टी नीट ताणून लावावी. आता पट्टीवर समोरच्या दृश्याची उलटी प्रतिमा दिसेल. व्ह्यूफाइंडरमधून आधी नेमका फोकस केलेली वस्तू या पट्टीवरही लूपमधून तितकीच शार्प दिसली पाहिजे. पट्टी लावताना किंवा काढताना उघड्या शटरच्या पडद्याला बोट लागणार नाही याची काळजी घ्यावी. पडदा एकदा वाकला की चाचणीपेक्षा दुरुस्ती महाग पडते.

दुसरी तपासणी फिल्मवरच करावी. टेबलावर शिंप्याची टेप सरळ ताणून ठेवावी, कॅमेरा तिच्याकडे ४५ अंशांत झुकवून ट्रायपॉडवर एक मीटरवर लावावा आणि ३० च्या रेघेवर फोकस करून एफ/१.४ वर तीन फ्रेम घ्याव्यात, प्रत्येक वेळी फोकस पूर्ण बिघडवून नव्याने करत. टेप तिरकी असल्यामुळे ३.२ सेंटीमीटरची डेप्थ तिच्यावर साधारण साडेचार सेंटीमीटर दिसेल. शार्प भाग ३० च्या दोन्ही बाजूंना सारखा असेल तर कॅमेरा ठीक आहे; तिन्ही वेळा एकाच बाजूला सरकलेला असेल तर कॅमेऱ्यात दोष आहे; कधी इकडे कधी तिकडे असेल तर दोष आपल्या हातात आहे. याच टेपवर एफ/२ आणि एफ/२.८ च्याही फ्रेम घेऊन ठेवाव्यात. काही फास्ट लेन्समध्ये ॲपर्चर मिटत नेले की फोकसचे प्रतलच थोडे, बहुधा मागे, सरकते. एसएलआरमध्ये आपण फोकस पूर्ण उघड्या ॲपर्चरवर करतो आणि चित्र मिटलेल्या ॲपर्चरवर घेतो, म्हणून ही सरक आधी माहीत असलेली बरी.

फिल्मच्या बाजूला तर याहून कमी मोकळीक असते. एफ/१.४ वर फिल्म पुढे-मागे सरकण्याची एकूण मुभा ०.०८४ मिमी, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीइतकी आहे. म्हणून मागच्या झाकणावरची दाबपट्टी स्वच्छ आणि स्प्रिंगवर नीट हलणारी असावी. सेकंडहँड लेन्स घेताना ती टॉर्चपुढे धरून आतली बुरशीही पाहावी. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्समध्ये ती हटकून सापडते आणि पूर्ण उघड्या ॲपर्चरवर चित्राचा कस उतरवते.

तिसरी पायरी : प्रकाशाला साजेशी फिल्म निवडणे

एफ/१.४ चा पहिला शत्रू ऊन आहे. भर उन्हात आयएसओ १०० च्या (आयएसओ म्हणजे फिल्मची प्रकाश टिपण्याची क्षमता) फिल्मला एफ/१६ वर साधारण १/१२५ सेकंद लागतो. तेथून एफ/१.४ पर्यंत सात स्टॉप होतात, म्हणजे शटर १/१६००० सेकंदाचे हवे. आणि पेंटॅक्स के१०००, कॅनन एई-१ यांसारखे नवशिक्यांच्या हाती नेहमी दिसणारे कॅमेरे १/१००० वर थांबतात. आयएसओ ४०० ची फिल्म भरली असेल तर प्रकाश आणखी दोन स्टॉपने जास्त होतो. तेव्हा उन्हात एफ/१.४ वापरायचेच असेल तर लेन्सपुढे एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी करडी काच, लावावा लागतो : आयएसओ १०० ला चार स्टॉपचा, आयएसओ ४०० ला सहा स्टॉपचा. एसएलआरमध्ये त्यामुळे व्ह्यूफाइंडरही तेवढाच अंधारतो आणि फोकस करणे कठीण होते, म्हणून फोकस आधी करून फिल्टर नंतर चढवण्याची कसरत करावी लागते. नवख्याने या भानगडीत पडू नये असे माझे मत आहे.

सावली पुष्कळ बरी. उघड्या सावलीत आयएसओ १०० ला एफ/१.४ वर सुमारे १/२००० सेकंद लागतो. कॅमेरा १/१००० वर थांबत असेल तर एक स्टॉप जास्त प्रकाश पडतो, आणि तेवढे कलर निगेटिव्ह फिल्म सहज सोसते. स्लाइड फिल्म मात्र सोसत नाही. वाड्याच्या ओसरीवर, खिडकीशेजारी किंवा सूर्य मावळल्यानंतर ही अडचणच उरत नाही. घरात ट्यूबलाइटच्या चांगल्या उजेडात आयएसओ ४०० आणि एफ/१.४ यांना साधारण १/६० ते १/१२५ सेकंद लागतात. दिवाळीत पणत्यांजवळ बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरचा उजेड याहून पुष्कळ कमी असतो. तेथे त्याच फिल्मला १/३० सेकंदाच्या आसपास जावे लागते, आणि अशी लेन्स मुळात ज्यासाठी बनली ते हेच काम आहे.

येथे एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. प्रकाश पुरेसा असताना नुसत्या धुसर पार्श्वभूमीसाठी प्रत्येक फ्रेम एफ/१.४ वर घेण्याचे कारण नाही. एका मीटरवर एफ/२.८ लाही मागची भिंत दोन मीटर दूर असेल तर ती चांगली विरघळते, डेप्थ दुप्पट मिळते आणि बहुतेक जुन्या लेन्स त्या ॲपर्चरवर अधिक कसदार चित्र देतात. पार्श्वभूमी मऊ करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय माणसाला भिंतीपासून चार पावले पुढे आणणे हा आहे.

चौथी पायरी : चेहरा प्रतलात बसवणे

फोकसचे प्रतल फिल्मला समांतर असते. समोर बसलेल्या माणसाला एखादी सपाट काच लावली आहे आणि ती तीन सेंटीमीटर जाड आहे, अशी कल्पना करावी. त्या काचेत जे सापडेल तेवढेच शार्प. दोन डोळ्यांत साधारण सहा सेंटीमीटरचे अंतर असते. चेहरा तीस अंश वळला की एक डोळा दुसऱ्याच्या तीन सेंटीमीटर मागे जातो. जवळच्या डोळ्यावर फोकस केला असेल तर काचेचा मागचा अर्धा भाग दीड सेंटीमीटरचाच असल्याने दूरचा डोळा तिच्याबाहेर पडतो. अशा वेळी जवळचा डोळा शार्प ठेवावा. दूरचा डोळा मऊ असलेला पाहणाऱ्याला चालतो. याच्या उलट झालेले मात्र खुपते.

वळलेल्या चेहऱ्यात आणखी एक गंमत होते. समोरून डोळ्याच्या आठ-नऊ सेंटीमीटर मागे असलेला कान, चेहरा ४५ अंश वळल्यावर जवळच्या डोळ्याच्या जेमतेम तीन सेंटीमीटर मागे उरतो. माझ्या रोलमधल्या कुड्या एवढ्या लख्ख कशा आल्या याचा उलगडा मला हे कागदावर आकृती काढून पाहिल्यावर झाला. तिरक्या चेहऱ्यात फोकसची तीन सेंटीमीटरची चूक सरळ कुडीवर जाऊन बसते.

दोन माणसांना एका फ्रेममध्ये घेताना दोघांचे डोळे त्या काचेत आणणे हाच खरा प्रश्न असतो. खांद्याला खांदा लावून, डोकी एकमेकांकडे किंचित झुकवून बसवले तर एफ/२ वर दीड-दोन मीटरवरून निभते. एक पुढे आणि एक मागे असेल तर एफ/४ च्या खाली जाण्याचा विचारच करू नये. तीन पिढ्या सोफ्यावर बसल्या असतील तर लेन्स फास्ट आहे हे विसरून जावे.

पाचवी पायरी : प्रत्यक्ष फोकस

नवखा माणूस बहुधा असे करतो : स्प्लिट इमेज मध्यभागी असते म्हणून डोळा मध्यावर आणून फोकस करतो आणि मग कॅमेरा खाली झुकवून चौकट जुळवतो. एफ/८ वर याने काहीच बिघडत नाही, एफ/१.४ वर मात्र हेच फोकस चुकण्याचे सर्वांत मोठे कारण आहे. उभ्या फ्रेममध्ये एका मीटरवरून कमरेच्या वरचे चित्र घेताना डोळे वरच्या कडेजवळ येतात, आणि त्यासाठी कॅमेरा साधारण तेरा अंश खाली वळवावा लागतो. फोकसचे अंतर एक मीटरच राहते, पण आता ते नव्या दिशेने मोजले जाते. डोळे त्या प्रतलाच्या सुमारे अडीच सेंटीमीटर पुढे उरतात आणि प्रतल मागे, कानाकडे सरकते. आपली सवलत दीड सेंटीमीटरची होती हे आठवले म्हणजे पुढचे सांगायला नको.

यावर उपाय असा, की आधी चौकट ठरवावी आणि स्क्रीनच्या मॅट भागावर, डोळा जेथे येतो तेथेच फोकस करावा. स्क्रीन प्रामाणिक असेल तर ही रीत सर्वोत्तम. स्क्रीन उजळ जातीची असेल तर मध्यावर फोकस करून चौकट जुळवावी, पण कॅमेरा फिरवण्याऐवजी शक्य तेवढा सरळ खाली उतरवावा, म्हणजे गुडघ्यांत किंचित वाकावे. कॅमेऱ्याचा रोख बदलत नाही आणि प्रतलही जागेवर राहते. वळवावेच लागले तर शरीर दोन-तीन सेंटीमीटर मागे घ्यावे. हा जुगाड आहे, पण तो चालतो.

फोकस करताना लेन्सची कडी आधी मुद्दाम पलीकडे न्यावी, मग परत आणावी, अशी दोनदा लहान होत जाणारी हालचाल करून शार्प जागेवर थांबावे. एकाच बाजूने हळूहळू येत थांबलो तर आपण बहुधा किंचित आधीच थांबतो, कारण डोळ्याला ‘पुरेसे’ शार्प दिसू लागले की हात थबकतो. पापणीवर नजर ठेवावी. बुबुळाच्या गडद रंगात स्प्लिट इमेजला धरायला रेघ मिळत नाही; पापणीची कड, चष्म्याची दांडी किंवा डोळ्यात पडलेले खिडकीचे प्रतिबिंब तिला सोपे जाते.

फार जवळून, म्हणजे मीटरच्या आत काम करताना, कडी फिरवत बसण्यापेक्षा ती एका अंतरावर पक्की करून स्वतः पुढे-मागे झुलणे अधिक खात्रीचे असते. पापणी शार्प होण्याच्या क्षणी बटण दाबावे. उभा माणूस नकळत सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर डुलतच असतो, समोरचाही आणि आपणही. म्हणून दोघांनीही बसणे, निदान भिंतीला किंवा दाराच्या चौकटीला टेकणे, हा फोकसचाच भाग समजावा. फोकस झाल्यावर ‘जरा हसा’ म्हणू नये. हसताना माणूस पुढे झुकतो, आणि तेवढ्याने कुडी शार्प होते. जे बोलायचे ते आधी बोलून घ्यावे, मग फोकस करावा आणि लगेच, अर्ध्या सेकंदात, फ्रेम घ्यावी. महत्त्वाच्या चित्राच्या तीन फ्रेम घ्याव्यात आणि प्रत्येकीसाठी फोकस नव्याने करावा. एकाच फोकसवर तीन फ्रेम घेतल्या तर चूक तीनदा छापली जाते.

रेंजफाइंडर कॅमेरा, म्हणजे लेन्समधून न पाहता वेगळ्या खिडकीतून पाहून दोन प्रतिमा जुळवत फोकस करण्याचा कॅमेरा, वापरणाऱ्यांसाठी थोडे वेगळे. तेथे स्क्रीनची फसगत नसते, आणि एनडी फिल्टर लावला तरी व्ह्यूफाइंडर काळवंडत नाही. परंतु धूसरपणा डोळ्याला दिसतच नसल्याने डेप्थचा अंदाज केवळ आकड्यांवर करावा लागतो. अचूकता रेंजफाइंडरच्या दोन खिडक्यांमधले अंतर आणि व्ह्यूफाइंडरचे मोठेपण यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. १९५४ च्या लायका एम३ मध्ये व्ह्यूफाइंडर ०.९१ पट असल्याने हा गुणाकार ६३ मिमीच्या आसपास येतो, तर ०.७२ पटीच्या एम६ मध्ये तो सुमारे ५० मिमी असतो. एफ/१ च्या लेन्सला हा फरक जाणवतो. डोळा मध्यावर आणून फोकस करण्यावाचून येथे गत्यंतर नसल्याने, चौकट जुळवताना वर सांगितलेली मागे सरकण्याची सवय रेंजफाइंडरवाल्याने अंगी बाणवावीच.

डोलणाऱ्या माणसाचा प्रश्न किती जुना आणि किती गंभीर आहे हे पाहायचे असेल तर १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’ या चित्रपटाकडे पाहावे. स्टॅन्ली कुब्रिक आणि छायाचित्रकार जॉन अल्कॉट यांनी त्यातली मेणबत्त्यांच्या उजेडातली दृश्ये झाइसने नासासाठी बनवलेल्या ५० मिमी एफ/०.७ लेन्सने घेतली. एवढ्या उघड्या लेन्सवर नटाने मान पुढे केली तरी फोकस जाणार; म्हणून त्यांनी चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्याशी काटकोनात, बाजूला एक व्हिडिओ कॅमेरा उभा केला. त्याच्या पडद्यावर आखलेल्या रेघांवरून नट किती पुढे-मागे सरकला हे फोकस सांभाळणाऱ्याला दिसत असे. आपल्याकडे हाताखाली माणूस नसतो, पण तत्त्व वापरता येते : समोरच्याच्या डोळ्यांच्या रेषेत मागे दाराची चौकट किंवा बाजूला खुर्चीची पाठ यांसारखी एखादी खूण हेरून ठेवावी आणि तो तिच्यापासून सरकला की फोकस पुन्हा करावा.

सहावी पायरी : वही ठेवणे आणि निगेटिव्ह वाचणे

पहिले दोन रोल तरी वहीसह काढावेत. फ्रेमचा क्रमांक, ॲपर्चर, शटर, अंदाजे अंतर आणि फोकस कशावर केला, एवढे पाच रकाने पुरतात. अंतर मोजायचे असेल तर ते लेन्सच्या टोकापासून न मोजता कॅमेऱ्याच्या वरच्या पत्र्यावर असलेल्या, वर्तुळातून आडवी रेघ गेलेल्या खुणेपासून मोजावे. फिल्मचे प्रतल तेथे असते. लेन्सवरच्या डेप्थच्या खुणांचा येथे काही उपयोग नाही, कारण अनेक लेन्सवर त्या एफ/४ किंवा त्याहून पुढच्या आकड्यांपासूनच सुरू होतात.

लॅबकडून नुसते लहान स्कॅन न घेता निगेटिव्ह अवश्य परत मागावी. लहान स्कॅनमध्ये सगळेच शार्प वाटते आणि त्यावर केलेला शार्पनिंगचा मुलामा चूक झाकतो. लूपखाली प्रत्येक फ्रेममध्ये आधी पापणी पाहावी. ती मऊ असेल तर दुसरे काय शार्प आहे ते शोधावे. नथ, ओढणीची पुढची कड, पुढे आलेला हात शार्प असेल तर माणूस मागे गेला किंवा आपण मागे झुकलो. कुडी, केसातला गजरा, खांद्यामागची खुर्ची शार्प असेल तर चौकट जुळवताना कॅमेरा वळला किंवा माणूस पुढे आला. कोठेच काही शार्प नसेल तर तो फोकसचा दोष नव्हे, हात हललेला आहे. १/३० सेकंदावर हे सर्रास होते, आणि त्याची खूण म्हणजे चमकणाऱ्या बिंदूंच्या रेघा झालेल्या असतात. वहीतल्या नोंदीशेजारी फक्त ‘नथ’, ‘पापणी’, ‘कुडी’ किंवा ‘हात’ असा एक शब्द लिहीत गेले की दहा-बारा फ्रेमनंतर आपली खोड कोणती ते दिसू लागते. माझी ‘कुडी’ची होती.

त्याच मावसबहिणीची चित्रे पुढे लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत पुन्हा घेतली, तेव्हा ती खिडकीशी स्टुलावर बसली होती आणि मी दाराच्या चौकटीला टेकलो होतो. वहीत नोंद आहे : फ्रेम १४, एफ/२.८, १/६०, सव्वा मीटर, चेहरा वळलेला, फोकस डाव्या पापणीवर. सव्वा मीटरवर एफ/२.८ ची डेप्थ दहा सेंटीमीटर भरते, तेव्हा पापणीवर फोकस असतानाही तीन सेंटीमीटर मागची कुडी तिच्यातच येते. निगेटिव्हवर दोन्ही आहेत.